विश्लेषण : लंडनचा चोर ऑस्ट्रेलियाचा पहिला कोशकार कसा ठरला?

अमेरिकेतल्या टेक कंपन्यांत ‘स्वॅग’ म्हणजे फुकटात मिळणारा टी-शर्ट किंवा बाटली. ब्रिटनमध्ये स्वॅग म्हणजे चोरीचा माल. ऑस्ट्रेलियात कॅम्पिंगला निघालेला माणूस ‘स्वॅग’ गुंडाळून गाडीत टाकतो, तो असतो बिछाना. (रील्समधला ‘स्वॅग’ वेगळा. तो ‘स्वॅगर’वरून आला, असं मानतात.) चोरांच्या बोलीत स्वॅग म्हणजे गाठोडं किंवा लुटीचा माल. १८१२ मध्ये हा अर्थ नोंदवणारा माणूस स्वतः चोरच होता. त्याचं नाव जेम्स हार्डी व्हॉक्स.

कोण होता व्हॉक्स?

जन्म १७८२, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात. अक्षर उत्तम, त्यामुळे कारकुनी सहज मिळायची. हात चलाख, त्यामुळे ती टिकायची नाही. १८०० मध्ये हातरुमालाच्या चोरीसाठी त्याला सात वर्षांचं काळं पाणी झालं आणि तो सिडनीला पोहोचला. तिथे कारकून असताना त्याने थेट गव्हर्नर किंग यांची आद्याक्षरं बनावट केली. शिक्षा म्हणून रस्त्याच्या कामावर गेला. तरीही १८०७ मध्ये तो मायदेशी परतला तो याच किंग यांच्या जहाजातून! इंग्लंडला पोहोचल्यावर जहाजावरून पसार झाला.

१८०९ मध्ये लंडनच्या एका जवाहिऱ्याकडे चोरी केली. फाशी ठोठावली गेली, ती जन्मठेपेत बदलली आणि पुन्हा ऑस्ट्रेलिया. तिथेही चोरीच्या मालात सापडल्यावर रवानगी झाली न्यूकॅसलला. कैद्यांकडून कष्टाची कामं करून घेणारी ही वसाहत.

शब्दकोश कशासाठी?

सिडनीच्या न्यायालयांत त्या काळी एक वेगळीच अडचण होती. आरोपी इंग्रज, साक्षीदार इंग्रज, न्यायाधीशही इंग्रज, तरी कधी कधी दुभाषा लागायचा. कैदी बोलत ती ‘फ्लॅश’, म्हणजे लंडनच्या चोरांची बोली. फ्रान्सिस ग्रोस या माजी लष्करी अधिकाऱ्याने १७८५ मध्येच अशा शब्दांचा कोश लंडनमध्ये छापला होता, पण तो बाहेरच्या माणसाने केलेला. व्हॉक्सचा कोश आतल्याचा होता.

त्याने तो अर्पण केला न्यूकॅसलचे कमांडंट थॉमस स्कॉटोव यांना. कैद्यांचे खटले त्यांच्याचपुढे चालत, तेव्हा कोश त्यांना उपयोगी पडेल असा हिशेब होता. म्हणजे साथीदारांच्या गुप्त भाषेची किल्लीच त्याने साहेबाच्या हातात दिली. आजच्या भाषेत, सिस्टीमचा पासवर्ड. गंमत म्हणजे साथीदारांना फोडणाऱ्यासाठीचा ‘स्निच’ हा शब्दही या कोशात आहे.

या खबरीगिरीने सुटका काही झाली नाही. पुढे जहाजात लपून पळताना तो सापडला आणि फटके खाल्ले. १८१९ मध्ये लंडनला त्याचं आत्मचरित्र छापलं गेलं आणि त्याला जोडून हा कोशही आला. ऑस्ट्रेलियात तयार झालेला हा पहिला शब्दकोश मानला जातो.

शब्दांचं पुढे काय झालं?

‘न्यू चम’ म्हणजे तुरुंगातला नवा सोबती. ऑस्ट्रेलियात पुढे बोटीतून उतरलेल्या प्रत्येक नवख्याला तेच म्हणू लागले. ‘यार्न’ म्हणजे चोरांनी एकमेकांना आपले पराक्रम रंगवून सांगणं. आज तिथे कुणीही शेजाऱ्याशी ‘यार्न’ करतं, म्हणजे नुसत्या गप्पा. गाठोडं पाठीवर टाकून कामासाठी वणवण फिरणारा मजूर झाला ‘स्वॅगमन’. ‘प्लँट’ म्हणजे लपवणं. पुरावा ‘प्लँट’ केल्याचे आरोप आपणही बातम्यांत वाचतोच.

व्हॉक्सचा शेवट कसा झाला?

सशर्त माफी मिळाली होती, पण १८२९ मध्ये अट मोडून तो आयर्लंडला पळाला. १८३० मध्ये डब्लिनला खोट्या नोटा खपवताना पकडला गेला आणि तिसऱ्यांदा ऑस्ट्रेलियाला रवाना झाला. तीनदा तिथे पाठवला गेलेला दुसरा कैदी नोंदींत सापडलेला नाही.

त्याच्याबद्दल लिहिताना इथवर सगळं मजेदार वाटतं. पण १८३९ मध्ये आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचारासाठी त्याला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला, हेही त्याच नोंदींत आहे. १८४१ मध्ये तो सुटला. त्यानंतर त्याचा कुठेही माग लागत नाही.