मलाक्काच्या टेकडीवरील रिकामी कबर

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण कधी ना कधी हात जोडले असतील. २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या दशवार्षिक दर्शनसोहळ्यात आपल्यापैकी कित्येकजण रांगेत उभेही राहिले असतील. परंतु गोव्यात येण्यापूर्वी हाच देह दूरच्या एका बंदरात, एका टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरला गेला होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. ते बंदर म्हणजे आजच्या मलेशियातील मलाक्का.

आपण मलाक्काला गेलात तर नदीकाठच्या चौकात तांबड्या रंगाचे डच शासकभवन आणि १७५३ साली पूर्ण झालेले ख्राईस्ट चर्च प्रथम दिसेल. तेथून जवळच पोर्तुगीजांच्या प्रचंड किल्ल्याचे उरलेले एकुलते द्वार उभे आहे. बाकीचा किल्ला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरुंग लावून उडवून दिला. द्वारामागच्या पायऱ्या चढून जा. वर छप्पर नसलेले, केवळ भिंती उरलेले एक जुने चर्च आहे. भिंतींना टेकून डच काळातील मोठमोठ्या कबरशिळा उभ्या आहेत आणि जमिनीत जाळीने झाकलेला एक खड्डा आहे. बाहेर १९५२ साली उभारलेला संतांचा शुभ्र पुतळा आहे. त्याचा उजवा हात तुटलेला आहे. संतांच्या देहाचा उजवा हातही १६१४ साली रोमला नेण्यात आला होता, याची आठवण तेथे येणारे भाविक हटकून काढतात. २००८ पासून हे नगर जागतिक वारसास्थळ आहे, त्यामुळे पर्यटकांची वर्दळ मोठी. छायाचित्र काढून लोक खाली उतरतात. आपण मात्र त्या खड्ड्यापाशी क्षणभर थांबावे, कारण एका थोर जीवनातील सर्वांत कटू प्रसंग याच नगरीत घडला.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधील नवार प्रांतात, झेवियरच्या गढीत झाला. घराणे सरदारांचे, बुद्धी तल्लख. पॅरिसच्या विद्यापीठात नावलौकिक मिळवावा, मानाचे पद पटकवावे, ही त्यांची आकांक्षा होती. तेथेच इग्नेशियस लोयोला यांची गाठ पडली आणि आयुष्याची दिशा पालटली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. येशूसंघाचे बीज ते हेच. १५४१ साली, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, फ्रान्सिस लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. त्यांच्यापुढे अवघी दहा वर्षे उरली होती.

या दहा वर्षांत त्यांनी मलाक्काच्या भूमीवर पाच वेळा पाऊल ठेवले. आल्बुकर्कने १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का जिंकले होते. पूर्वेकडे जाणारे प्रत्येक जहाज याच बंदरात थांबे. १५४५ साली प्रथम आले तेव्हा ते येथे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले. आजाऱ्यांची सेवा केली, मुलांना प्रार्थना शिकविल्या, जाणकारांच्या साहाय्याने त्या मलय भाषेत उतरविल्या आणि रात्री हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरत लोकांना प्रार्थनेस जागविले. लोकांची भाषा शिकल्यावाचून सुवार्ता पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १५४७ साली याच नगरीत त्यांना अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला आणि त्याच्या तोंडून जपानची हकीगत ऐकून त्यांच्या मनाने नवा ध्यास घेतला. १५४९ साली ते जपानला निघाले तेव्हा मलाक्काचा किल्लेदार होता दों पेद्रू द सिल्वा, वास्को द गामाचा पुत्र. त्याने उदार अंतःकरणाने साहाय्य केले आणि प्रवासाच्या व कार्याच्या खर्चासाठी उत्तम मिरी दिली.

वाचकहो, फ्रान्सिस हे आपल्या काळाच्या मर्यादांपासून मुक्त नव्हते. गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे अशी विनंती त्यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला केली होती; १५६० साली ते स्थापन झाले आणि त्याने पुष्कळांना छळले. संतांचा गौरव करताना हेही झाकू नये. संत हा निर्दोष मनुष्य नसतो. देवाने हाक दिली असता उठून चालू लागणारा मनुष्य असतो.

जपानमध्ये त्यांच्या ध्यानात आले की तेथील विद्वान चीनकडे गुरू म्हणून पाहतात. म्हणून चीनला जाण्याचा निश्चय झाला. परकीयांना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा त्यांचे व्यापारी स्नेही दियोगो परेरा यांनी पोर्तुगालचे राजदूत म्हणून जावे आणि फ्रान्सिस यांनी त्यांच्यासोबत असावे, असे ठरले. १५५२च्या उन्हाळ्यात ते मलाक्काला आले. आता तेथे अधिकार गाजवीत होता पेद्रूचाच भाऊ, दों अल्वारो. त्याने संरक्षणाची सबब पुढे केली, परेरांच्या जहाजाचे सुकाणूच काढून घेतले आणि दूतावासाला जाऊ देण्यास साफ नकार दिला. फ्रान्सिस हे पोपमहोदयांचे प्रतिनिधी होते. तो अधिकार त्यांनी आजवर कधी मिरविला नव्हता. तो प्रकट करूनही उपयोग झाला नाही. धर्मबहिष्काराची तंबीही व्यर्थ गेली. एका भावाने वाट मोकळी केली होती, दुसऱ्याने ती अडविली. आणि दोघेही बाप्तिस्मा घेतलेलेच होते.

अखेर जहाज सुटले, पण परेरांना मागेच राहावे लागले. दूतावास नाही, राजाचे पत्र नाही, अशा स्थितीत फ्रान्सिस पुढे निघाले. निघताना त्यांनी पायांतील जोड्यांची धूळ झाडली, असे परंपरा सांगते. चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर ते गुपचूप पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत राहिले. नाव आली नाही, ताप मात्र आला. ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. जवळ होता अंतोनी नावाचा चिनी ख्रिस्ती युवक.

मार्च १५५३ मध्ये त्यांचा देह मलाक्काला आला. अपमानित होऊन जेथून निघाले, तेथेच नगरवासी मेणबत्त्या घेऊन स्वागताला लोटले. परेरा त्यांत अग्रभागी होते. टेकडीवरच्या चर्चमध्ये दफन झाले. पुढे देह काढून गोव्यास नेण्यात आला आणि मार्च १५५४ मध्ये तो तेथे पोहोचला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले.

चीनचे स्वप्न मात्र विफल झाले काय? इटलीत ६ ऑक्टोबर १५५२ रोजी, म्हणजे फ्रान्सिस यांच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी, मात्तेओ रिची नावाचे बालक जन्मले होते. तेच १५८३ साली येशूसंघीय धर्मगुरू म्हणून चीनमध्ये राहावयास गेले.

प्रिय वाचक, आपण दिल्लीत असा, इंदुरात असा वा वसईत, सभेच्या कार्यात आपली वाट कधी परक्यांनी नव्हे, तर आपल्याच माणसांनी अडविली असेल. त्या वेळी मनात कडवटपणा दाटतो आणि काम सोडून द्यावेसे वाटते. फ्रान्सिस यांनाही दुःख झाले, संतापही आला. पण ते थांबले नाहीत, आणि आरंभिलेले कार्य आपल्याच हातून पूर्ण व्हावे असा हट्टही देवापाशी त्यांना धरता आला नाही. आपल्यालाही आपल्या वाट्याचे पाऊल टाकण्याचे बळ प्रभूने द्यावे, आणि आपण स्वतः मात्र कोणाच्या वाटेतील अल्वारो होऊ नये, एवढे मागणे आपण मागू या.