जाक बेर्तियाँ : आजारांना क्रमांक देणारा पॅरिसचा डॉक्टर

बेर्तियाँ हे आडनाव निघाले की बहुतेकांना अल्फाँस आठवतात. गुन्हेगारांच्या शरीराची मापे घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत त्यांनी पॅरिसच्या पोलिसांना दिली आणि ते जगभर गाजले. त्यांचे थोरले बंधू जाक यांना ती कीर्ती लाभली नाही. वास्तविक रुग्णालयाच्या कागदांवर आणि विम्याच्या दाव्यावर आजारापुढे जो सांकेतिक क्रमांक लिहिला जातो, त्याची वंशावळ जाक यांच्यापाशी जाऊन पोहोचते.

जाक यांचा जन्म १८५१ साली पॅरिसमध्ये झाला. आकडेमोड हा या घराण्याचा पिढीजात व्यवसायच म्हणावा लागेल. लोकसंख्याशास्त्राला 'डेमोग्राफी' हे नाव १८५५ मध्ये दिले ते त्यांचे आजोबा, आईचे वडील, आशिल गियार यांनी. वडील लुई-अदॉल्फ डॉक्टर होते आणि पॅरिस शहराच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुखही. जाक यांनीही वैद्यकाचे शिक्षण घेतले. परंतु १८८३ मध्ये वडील निवर्तले आणि त्यांची खुर्ची मुलाकडे आली. पुढचे आयुष्य रुग्णांऐवजी मृत्यूच्या दाखल्यांच्या सहवासात गेले.

त्या दाखल्यांत मोठा गोंधळ होता. एकच आजार एक डॉक्टर एका नावाने लिही, दुसरा दुसऱ्या. कोणी केवळ लक्षण लिहून मोकळा होई. देशोदेशींच्या याद्याही निराळ्या, त्यामुळे लंडन आणि पॅरिस यांच्या मृत्यूंची तुलना करणे अशक्यप्राय झाले होते. इंग्लंडचे विल्यम फार यांच्या पुढाकाराने १८५५ मध्ये १३९ शीर्षकांची एक यादी तयार झाली होती, पण ती सर्वमान्य झाली नाही. १८९१ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने हे काम जाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर सोपवले. दोन वर्षांनी शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी एक सोडून तीन याद्या मांडल्या : ४४, ९९ आणि १६१ शीर्षकांच्या. ज्याच्याकडे जेवढी साधने, त्याने तेवढी यादी वापरावी, हा त्यामागचा व्यवहारी विचार. १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सुधारित यादीला मान्यता मिळाली. दर दहा वर्षांनी फेरतपासणीचा प्रघातही पडला.

सर्व शरीराला ग्रासणारे आजार एकीकडे आणि एखाद्या अवयवापुरते आजार दुसरीकडे, ही या यादीची मूळ विभागणी. १९०९ च्या सुधारित यादीत मूत्रमार्गातील खड्यांना १२३, मूत्राशयाच्या विकारांना १२४ आणि प्रोस्टेटच्या विकारांना १२६ हे क्रमांक आहेत. म्हणजे मूत्राशयाचा दाह असो वा त्याच्या भिंतीची जाडी, सारे १२४ या एकाच खणात. यादी मृत्यूच्या कारणांची असल्याने हे पुरेसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु काही आजार माणसाला मारत नाहीत, जगूही देत नाहीत. मूत्राशयाच्या भिंतीचा दीर्घकालीन दाह, इंटरस्टिशियल सिस्टायटिस, हा त्यांपैकीच एक. जंतुसंसर्ग सापडत नाही, तरी ओटीपोटात वेदना होतात आणि रात्रंदिवस लघवीची भावना सुटत नाही. अमेरिकेत गाय हनर यांनी १९१५ मध्ये स्त्रियांच्या मूत्राशयाच्या भिंतीवरील अशा व्रणांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा जाक हयात होते. त्या स्त्रियांना मृत्यूच्या यादीत जागा कुठून मिळणार? आजारीपणाच्या नोंदींसाठी १९०० पासून एक समांतर यादी होती खरी, पण तीही मृत्यूच्या यादीवरच बेतलेली.

दाखल्यावर दोन कारणे लिहिलेली असतील तर मोजायचे कोणते, याचेही नियम जाक यांनी घालून दिले. एक आजार दुसऱ्याची नेहमीची गुंतागुंत असेल, तर मूळ आजार धरावा. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मूत्राशयाची भिंत जाड झाली आणि पुढे संसर्ग झाला, तर शोध प्रोस्टेटपर्यंत गेला पाहिजे. मात्र डॉक्टरने तो दुवा लिहिलेलाच नसेल, तर कारकुनाचा इलाज चालत नाही. अशा अपुऱ्या, संदिग्ध नोंदींसाठी यादीच्या शेवटी १८७ ते १८९ हे तीन खण होते. ते जितके रिकामे, तितके डॉक्टरांचे लेखन चोख.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू तितकी निरपेक्ष नव्हती. फ्रान्सची लोकसंख्या घटते आहे या चिंतेने त्यांना पछाडले होते. १८९६ मध्ये त्यांनी जननदर वाढावा म्हणून राष्ट्रीय संघटना स्थापली आणि आकड्यांचा प्रचारासाठी सढळ वापर केला. त्यांच्या पत्नी कॅरोलिन शुल्झ यांनी मात्र स्वतः डॉक्टर होऊन स्त्री-वैद्यांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला होता, हे येथे नोंदवलेले बरे.

१९२० ची तिसरी फेरतपासणीही जाक यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली. १९२२ मध्ये ते वारले. जिवंत रुग्णांच्या आजारांना या यादीत खऱ्या अर्थाने स्थान मिळाले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हातून. दहाव्या आवृत्तीत इंटरस्टिशियल सिस्टायटिसला एन ३०.१ हा स्वतंत्र संकेतांक आहे. मूत्राशयाचे अन्य विकार एन ३२ खाली येतात. अमेरिकेने आपल्या सोयीसाठी त्यात आणखी फोड केली : लघवीतून रक्त जात नसेल तर एन ३०.१०, जात असेल तर एन ३०.११. तेथील रुग्णालयांच्या नोंदींना संकेतांक देण्याचे काम आज हैदराबादेतही चालते. सोनोग्राफीच्या अहवालात केवळ भिंत जाड दिसते एवढेच असेल आणि डॉक्टरने निदान लिहिलेले नसेल, तर कोडर स्वतःच्या अंदाजाने एन ३०.१ लिहू शकत नाही. त्याला डॉक्टरकडे पुन्हा विचारणा करावी लागते.