दाण्यावरचे ठिपके वाचणारी बार्बरा

येवला, मालेगाव, बागलाणकडे मका आता नेहमीचंच पीक. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर भाजलेलं कणीस तर आपण मीठ-लिंबू चोळून गप्पांच्या नादात कधी संपवतो ते कळतही नाही. मैत्रिणींनो, याच कणसाच्या दाण्यांकडे बघण्यात एका बाईचं अख्खं आयुष्य गेलं. तिचं नाव बार्बरा मॅक्लिंटॉक.

१६ जून १९०२ ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी तिचा जन्म झाला. वडील डॉक्टर. कॉलेजात जायचं म्हटल्यावर आई धास्तावली. पोरगी एवढी शिकली तर लग्न कसं जमायचं? (ही काळजी फक्त आपल्याकडचीच नाही बरं का!) महायुद्धावरून परतलेल्या वडिलांनी मात्र होकार दिला. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ती वनस्पतीशास्त्राची डॉक्टरेट झाली. पुढे नाव झालं, पण मनाजोगी कायमची नोकरी काही मिळेना. मिसुरी विद्यापीठात पाच वर्षं काढली, तिथे आपल्याला वाव नाही असं वाटल्यावर तीही सोडली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर संस्थेत आली आणि तिथलीच झाली.

कणीस म्हणजे एक मोठं कुटुंबच. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. त्यावर तुऱ्यातला पराग पडला, की तो दाणा धरतो. म्हणजे शेकडो भावंडं, आणि बापही वेगवेगळे असू शकतात! बार्बरा केस बाहेर यायच्या आधीच कणसाला पिशवी बांधायची, मग हव्या त्याच झाडाचा पराग स्वतःच्या हाताने टाकायची. कुणाचं मूल कोण, हा हिशेब पक्का.

तिच्या काही दाण्यांवर जांभळे ठिपके असत, कुठे मोठे, कुठे बारीक. तिने त्यांचं कोडं उलगडलं. रंगाच्या जनुकात दुसराच एखादा तुकडा घुसून बसला, की रंग बंद. दाणा भरत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा उडी मारून निघून गेला, की त्या पेशीत आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत रंग पुन्हा सुरू. उडी लवकर पडली तर डाग मोठा, उशिरा पडली तर टिकलीएवढा.

जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, असं तेव्हा सगळे मानत. १९५१ च्या परिषदेत तिने हे मांडलं, तर सभागृह गप्प. १९४५ मध्येच ती अमेरिकेच्या जनुकशास्त्र संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झालेली, म्हणजे कुणी ऐरीगैरी नव्हे. तरीही ही गोष्ट पचेना. १९५३ नंतर तिने याविषयी नियतकालिकांत लिहिणं जवळपास बंद केलं. काम मात्र चालूच. दाद मिळत नसताना वर्षानुवर्षं पेरत राहायचं, हे मला तर नोबेलपेक्षा अवघड वाटतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंमध्येही असे उड्या मारणारे तुकडे सापडले आणि लोकांना बार्बरा आठवली. १९८३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिला एकटीला मिळालं, वयाच्या ८१ व्या वर्षी. घरात फोन नव्हता, बातमी रेडिओवरून कळली. लग्न तिने केलंच नाही. २ सप्टेंबर १९९२ ला ती गेली.

२००९ मध्ये मक्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातला जवळपास ८५ टक्के भाग अशाच तुकड्यांचा निघाला.