डोंगराच्या पायऱ्या मोजणारा कर्नल

निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना पावसाळा संपून हवा निवळली की घोराडेश्वराच्या बाजूचे डोंगर स्वच्छ दिसू लागतात. माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा. एक उभा कडा, त्याखाली गवताचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, कुठेही गेले तरी ठेवण हीच. रोज दिसते म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका फौजी अधिकाऱ्याने मात्र विचारले, आणि नुसते विचारून न थांबता या पायऱ्या मोजायला घेतल्या. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

पक्षीनिरीक्षकांना हे नाव ओळखीचे आहे. दख्खनच्या माळावर गाणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाला आजही साइक्सचा चंडोल म्हणतात. दगड गोळा करणाऱ्यांना मात्र ते फारसे माहीत नाही. पुणे परिसरात खनिजे शोधायला सुरुवात करायची असेल तर या माणसाची कामाची रीत समजून घेण्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही.

साइक्स यांचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. आजच्या हिशेबाने शाळेत असायचे त्या वयात, १८०३ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांनी शिकून घेतल्या. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध लढले आणि पुढे डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही होते. म्हणजे ज्या कातळाचा त्यांनी नंतर अभ्यास केला, त्या कातळाशी त्यांची पहिली गाठ पडली ती शत्रूच्या तटाखाली. हे विसरून त्यांचे नुसते कौतुक करणे बरोबर नाही.

रजेवर जाऊन चार वर्षे युरोप पाहून ते परतले, तेव्हा १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक वेगळेच काम दिले. नव्याने जिंकलेल्या दख्खनची आकडेवारी गोळा करायची. माणसे किती, जमीन कशी, पिके कोणती, पाऊस किती, जनावरे कोणती, सगळे. सरकारला त्यातून महसुलाचा अंदाज हवा होता, हे उघड आहे. साइक्स यांनी मात्र त्या कामाला महसुलापलीकडे नेले. गावोगाव हिंडताना त्यांनी तापमान लिहिले, हवेचा दाब लिहिला, पक्षी, प्राणी आणि मासे टिपले, आणि दगडही तपासले. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पदच मोडीत काढले. साइक्स यांनी परवानगी मिळवली, काम सुरू ठेवले आणि १८३१ मध्ये पुरे करूनच ते मायदेशी गेले.

त्यांची एक सवय मराठी माणसाला विशेष भावेल. शास्त्रीय नाव देताना ते स्थानिक नाव फेकून देत नसत. रानकुत्र्याची नोंद करताना त्यांनी कोळसून हे मराठी नाव लिहिले. माशांच्या बाबतीत तर त्यांनी गावातली नावेच लॅटिन नावांत बसवली. पुण्याच्या नद्यांतला खुडरी मासा जगभरच्या शास्त्रात आज ‘टॉर खुडरी’ आहे आणि शिंगटी ‘मिस्टस शिंगटी’ आहे. त्या चंडोलाचे त्यांनी ठेवलेले नाव आहे ‘देवा’, आणि एका वटवट्याचे ‘रामा’. कोळ्याला आणि गुराख्याला विचारल्याशिवाय अशी नावे कागदावर येत नाहीत.

दख्खनच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३३ मध्ये वाचला गेला. त्यात या डोंगरांच्या पायऱ्यांचे वर्णन आहे. एक थर घट्ट काळ्या पाषाणाचा, त्यावर एक थर मऊ, छिद्राछिद्रांच्या दगडाचा. मधूनच गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला जगभर ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. हे सगळे लाव्ह्याचे थर आहेत आणि ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी सांगितले. साइक्स यांच्या काळी खडकाचे वय काढण्याचे साधनच नव्हते.

साधने कमी होती, म्हणून त्यांनी साधी साधने नीट वापरली. डोंगराची उंची काढायला त्यांनी वायुभारमापक वापरलाच, शिवाय साध्या तापमापकाने उंची कशी काढावी यावर वेगळे लेखनही केले. युक्ती अशी की वर जावे तसे पाणी कमी तापमानाला उकळते. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. समुद्राकाठी शंभर अंशांना उकळणारे पाणी पिंपरी-चिंचवडमध्ये ९८ च्या आसपास उकळते. शाळकरी मुलांना सहलीत करून पाहता येईल असा हा प्रयोग आहे (स्टोव्हजवळ मोठे माणूस हवेच).

आता त्या छिद्राछिद्रांच्या थराकडे येऊ, कारण दगड शोधणाऱ्याचा खजिना तिथेच असतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या दगड म्हणतात. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्यांतून गरम, खनिजे विरघळलेले पाणी झिरपले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. कुठे गारगोटी, कुठे अकीक, क्वचित जांभळा अ‍ॅमेथिस्ट, आणि पुष्कळ ठिकाणी स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजे. त्यांच्या सोबतीने सापडते अ‍ॅपोफिलाइट. त्याचा एक पैलू मोत्यासारखा चमकतो, म्हणून त्या काळी त्याला माशाचा डोळा अशा अर्थाचे ग्रीक नाव होते.

झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. स्वीडनचे क्रॉन्स्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले, कारण तापवला की यातले पाणी वाफ होऊन फसफसत बाहेर पडते. या खनिजाची रचना आतून चाळणीसारखी असते. याच तत्त्वावर कारखान्यात बनवलेला झिओलाइट ऑक्सिजन काँसन्ट्रेटरमध्ये भरलेला असतो. तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांच्या आवारात जे ऑक्सिजन प्रकल्प धडाधड उभे राहिले, त्यांतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या टाक्यांत हेच होते. साइक्स यांना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

त्यांच्या रीतीने आज सुरुवात करायची तर पहिली वस्तू हातोडा नव्हे, वही. दगड कुठे मिळाला, कड्यात की ओढ्यात, आजूबाजूचा खडक कोणता, गावकरी त्याला काय म्हणतात, ही नोंद नसेल तर कितीही सुंदर स्फटिक शोभेची वस्तू एवढाच उरतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पोलादी चाकू एवढे पुरते. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही, स्टिल्बाइटवर सहज उठतो. कॅल्साइटवर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. म्हणूनच स्टिल्बाइटची अंगठी टिकत नाही आणि अकिकाची पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पहिली फेरी इंद्रायणी-पवनेच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांची आणि घरांच्या पायासाठी खोदलेल्या ढिगांची करावी. लेणी आणि किल्ले यांचा दगड फोडणे हा गुन्हा आहे, घोराडेश्वराची लेणीही त्यात आली. मोशीकडच्या किंवा इतर कुठल्या खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या वेळी पाऊल टाकू नये. काळ्या पाषाणाची कपची काचेसारखी उडते. डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, म्हणून हातोडा उचलण्याआधी चष्मा लावावा.

धुळीचे वेगळे सांगायला हवे. काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी असते, पण पोकळ्यांतली गारगोटी म्हणजे निव्वळ सिलिका. छंद म्हणून महिन्यातून एकदा जाणाऱ्याला मास्क लावून भागते. वर्षानुवर्षे खडी फोडणाऱ्याच्या फुप्फुसात ती धूळ साठून सिलिकोसिस होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही. दुकानातल्या काचेमागचा झळझळीत स्फटिक बहुधा अशाच कोणाच्या हातून आलेला असतो. झिओलाइटमध्येही एरिओनाइट नावाचा एक तंतुमय प्रकार आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही गावांत त्याच्या धुळीने फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पसरला. तेव्हा सुयांसारखे, कापसासारखे दिसणारे खनिज घरात चेचू नये, चूर्ण करू नये. आणि कुठलाही स्फटिक गळ्यात बांधून रक्तदाब किंवा साखर उतरत नाही. गोळ्या बंद करू नयेत.

साइक्स यांनी पुढे माणसांच्या आरोग्याचीही मोजदाद केली. इंग्लंडला परतल्यावर ते सांख्यिकीवाल्यांच्या नव्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. १८४७ मध्ये त्यांनी कंपनीच्या फौजेतल्या मृत्यूंची आकडेवारी प्रसिद्ध केली. गोऱ्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण हिंदी शिपायांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. सगळा दोष हवामानावर ढकलण्याची तेव्हा रीत होती. साइक्स यांनी बोट ठेवले ते सैनिकांच्या दारूवर आणि खाण्यापिण्यावर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ज्यासाठी कष्ट घेतले तो हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याचा राजआयोग १८५९ चा, म्हणजे यानंतर बारा वर्षांनी. दगडांच्या नोंदी करणाऱ्या माणसाने मृत्यूंचे आकडे मांडावेत हे वरवर विचित्र वाटते, पण काम एकच होते: ऐकीव गोष्ट बाजूला ठेवून मोजणे. १८५६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षपदी तेच होते, आणि पुढच्याच वर्षी उठाव झाला. इतके मोजूनही कंपनीला शिपायांच्या मनातले कळले नव्हते.

१८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे खासदार होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर बोरघाटातून रेल्वे धावू लागली होती आणि बोगदे खोदताना निघालेले अ‍ॅपोफिलाइटचे सुंदर स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत पोहोचले होते. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या ज्या बाजूला त्यांनी खुडरी नोंदवला, त्याच बाजूला वाघोलीच्या खाणींत विसाव्या शतकाच्या अखेरीस गडद निळे कॅव्हनसाइट निघाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट मिळून झालेल्या या दुर्मीळ खनिजाचे जगातले सर्वोत्तम नमुने तिथलेच मानले जातात. साइक्स घोड्यावरून त्या वाटेने गेले असतील तेव्हा ते काही मीटर खाली, बंद पोकळीत होते.