सरासरीच जेव्हा चढत जाते

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर पाहून आलेली मंडळी बार्शीत पुष्कळ आहेत. त्या मनोऱ्याच्या पायात आपल्याकडच्या कापसाचीही चार बोंडे आहेत, असे मी म्हणालो की मात्र लोक हसतात.

मनोऱ्याला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव. प्रेमचंदांचा जन्म १८३१ चा, सुरतचा. वडील पोटापाण्यासाठी मुंबईस आले, मुलगा इंग्रजी शिकला आणि १८४९ च्या सुमारास एका दलालाच्या हाताखाली लागला. देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारे ते पहिले, असे मानतात. साहेबाच्या पेढीत थेट बोलता येणे हे त्या काळी केवढे भांडवल होते, हे वेगळे सांगायला नको.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खरेदीदारांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. नेमकी १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आलेली. बार्शी ही कापसाची आणि तेलबियांची जुनी पेठ. बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, इथून साधारण ३५ किलोमीटरवर. बैलगाड्यांनी तिथवर गेलेला माल पुढे आगगाडीने मुंबईला जाई. आपली छोटी लाइन यायला १८९७ साल उजाडावे लागले.

मुंबईत पैसा आला, पण तो कापसात थांबला नाही. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. या साऱ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. इंग्लंडहून येणारे जहाज धक्क्याला लागण्याआधीच त्यांची माणसे होडीतून जाऊन लिव्हरपूलचे भाव आणीत, असे सांगतात. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

इथे थोडे आडवळण घेतो. माझा पुतण्या मोबाइलवर शेअरचे आलेख पाहतो. त्यात भावाच्या रेषेभोवती एक पट्टा असतो. गेल्या वीस दिवसांच्या भावांची सरासरी काढायची; रोज सर्वांत जुना दिवस गाळायचा, नवा धरायचा. ही चालती सरासरी. तिच्या वर आणि खाली ठराविक अंतरावर दोन रेषा. समजा, तुरीची सरासरी क्विंटलला ७००० रुपये आहे आणि अंतर पाच टक्के धरले, तर वरची रेषा ७३५० वर, खालची ६६५० वर. १९८० च्या दशकात जॉन बोलिंजर या अमेरिकन अभ्यासकाने टक्के ठरवून न ठेवता पट्ट्याची रुंदी भावाच्या चढउतारावर सोपवली: बाजार शांत तर पट्टा अरुंद, खवळला तर रुंद.

वरची रेषा गाठली म्हणजे माल महाग, विकून टाका, असे नवशिके शिकतात. बाजार एका मर्यादेत हेलकावत असेल तेव्हा हे बरेचदा जमते. जोराच्या तेजीत मात्र भाव वरच्या रेषेला चिकटून आठवडेच्या आठवडे चढतो आणि सरासरी त्याच्या मागून चढत राहते. कारण ती त्याच भावांची बनलेली! १८६४ साली बॅक बेचा असा आलेख कुणी काढला असता, तर विकणारा दर पंधरवड्याला वेडा ठरला असता. सगळे शहर चढल्यावर मोजपट्टीही चढते. ती शुद्धीवर आणायला बाहेरची बातमी लागते.

ती आली. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, काही आठवड्यांत मुंबईला कळले, आणि अमेरिकन कापूस परत येणार म्हणून भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्तीचा दिवस. घेणाऱ्याजवळ पैसा नाही, देणाऱ्याजवळ शेअर नाही. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० चा भाव ८७ वर उतरला, आणि ही बँकही पुढे बुडाली. तिने प्रेमचंदांच्या शब्दावर दिलेली कर्जे १८६८ च्या चौकशीत निघाली. ज्याची बातमी सर्वांच्या आधी येई, त्या माणसालाही वेळेवर उतरता आले नाही. मला वाटते, तेजीच त्यांच्या नावावर उभी होती. ते उतरले असते तर ती त्यांच्याच अंगावर पडली असती.

घरेदारे गेली, इभ्रतीला धक्का बसला. बिचाऱ्या छोट्या ठेवीदारांचे काय झाले, याची नोंद कुणी ठेवली? त्यांच्याबद्दल मला प्रेमचंदांपेक्षा अधिक वाईट वाटते.

तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले होते. आईला दिसत नसे आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, म्हणून घंटेचे ठोके हवे होते, अशी आख्यायिका आहे. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये संपले. तोवर देणगीदार श्रीमंत राहिलेला नव्हता.

प्रेमचंद पुन्हा दलालीकडे वळले. १८७५ मध्ये देशी दलालांनी आपली संघटना बांधली, तीच पुढे मुंबईचा शेअर बाजार झाली. तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतरची तीस-एकतीस वर्षे ते याच शहरात जगले, आणि १९०६ मध्ये वारले.