ओतीव लोखंडाचा कलावंत

लोखंड भट्टीत वितळवून वाळू-मातीच्या साच्यात ओतले, की ते साच्याचा आकार जसाच्या तसा धारण करते. यालाच ओतीव लोखंड म्हणतात. जपानातील मोरिओका येथील कारागीर अशा लोखंडाच्या चहाच्या किटल्या शेकडो वर्षांपासून करीत आले आहेत. त्या किटल्यांच्या काळ्याभोर अंगावर ठिपक्यांची किंवा फुलापानांची उठावदार नक्षी असते. म्हणून जुन्या किटल्या आज कित्येक घरांत शोभेसाठी जपून ठेवल्या जातात. महाराष्ट्रातही चित्रकलेच्या एका विद्यार्थ्याने हेच लोखंड हाती घेतले; परंतु त्याने घडविला तो शेतकऱ्याचा नांगर. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे, हे त्यांचे बालपणापासूनचे दोन छंद. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु दोनच वर्षांत एक कटू सत्य ध्यानी आले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखताच येत नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात तो कोणता? पण लक्ष्मणराव खचले नाहीत. रंगांनी दगा दिला, तरी रेषा त्यांच्या स्वाधीन होती. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ती विद्या आत्मसात करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. पुढे तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीचा त्याग करून ते बेळगावास आले व बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा व्यवसाय करू लागले.

त्या काळी आपल्याकडे सर्वत्र लाकडी नांगर चाले. तो जमीन वरवर उकरी. काळ्या रानात खोल रुजलेल्या हराळी-कुंद्याच्या मुळांपर्यंत तो पोहोचत नसे. लोखंडी नांगर मात्र माती खालवर करून उलथून टाकतो. असा नांगर येथेच घडवावा, असे लक्ष्मणरावांनी मनाशी ठरविले. प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर नांगर, अशी त्यांच्या कारखान्याची वाटचाल झाली.

नांगर तयार झाले, पण ते घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाने काळ्या आईला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तोवर लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. नांगराने काढलेला खोल तास लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तेव्हा त्यांची भीती हळूहळू ओसरली.

इतक्यात दुसरे संकट उभे राहिले. बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेने मागितली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग माजलेल्या, सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. कारखान्याबरोबर तेथे कामगारांची घरे उभी राहिली. अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला व त्यांना रखवालीचे काम दिले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ ते १९१८ या वर्षांत, लोखंड दुर्मीळ झाले. नांगरांसाठी कच्चा माल कोठून आणावा, हा प्रश्न पडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळविण्यास दिल्या. रणांगणासाठी ओतलेले लोखंड पुन्हा भट्टीत गेले आणि नांगर होऊन शेतात उतरले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. कुंचला त्यांच्या हातून सुटला. पण वस्तूचा आकार अचूक पाहण्याची कलावंताची दृष्टी त्यांनी कधीच गमावली नाही. त्यांचे नांगर कोणी दिवाणखान्यात मांडले नाहीत. ते चिखलामातीत राबले, झिजले. आणि ज्या माळांवर पूर्वी हराळी माजत असे, तेथे जोंधळ्याची कणसे डोलू लागली.