एजंटला यूट्यूबची किल्ली देण्याआधी: दादासाहेब फाळक्यांची गोष्ट

कमांड लाइन म्हणजे ती काळी खिडकी, जिथे बटणं नसतात, हुकूम टाइप करायचा असतो. क्लॉड कोड, जेमिनी सीएलआय, कोडेक्स असा कुठलाही एआय एजंट त्या खिडकीत चालवून यूट्यूबला जोडला, की साध्या मराठीत सांगायचं, या फोल्डरमधले व्हिडिओ चढव. तो चढवतो. जोडणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे, ती पुढे सांगतोच. पण कुठलं काम त्याच्यावर सोपवायचं आणि कुठलं स्वतःकडे ठेवायचं, हे मला धुंडिराज गोविंद फाळके यांच्या आयुष्याकडे बघून जास्त नीट कळलं. म्हणून आधी तो माणूस.

जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम, नाटकाचे पडदे, जे दिसेल ते शिकून घेतलं. जादूचे प्रयोगही करायचे, आणि त्यासाठी स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा झाले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. १९०९ मध्ये यंत्रं आणायला जर्मनीला गेले. छापखाना नावारूपाला आला आणि मग भागीदारांशी बिनसलं. आपणच उभं केलेलं काम सोडून फाळके बाहेर पडले. हा प्रसंग लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात बसलं, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का नाहीत? त्यानंतर ते रोज चित्रपट बघायचे, घरी मेणबत्तीच्या उजेडात खेळण्यातला प्रोजेक्टर चालवायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डोळे सावरल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट पकडली. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची सोय केली, आणि दोन महिन्यांत परत.

आता पैसे कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर मांडून रोज थोडं थोडं चित्रण केलं, जवळपास महिनाभर. मग ते सलग चालवून दाखवलं. पडद्यावर कोंब फुटला, वेल चढला, सगळं एका मिनिटात. सावकार तयार झाला. आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो. तीस फोटोंचा फोल्डर एजंटला दाखवा, तो एफएफएमपेग नावाची मोफत प्रणाली चालवून काही सेकंदांत व्हिडिओ हातात देतो. कोंबाला मात्र अजूनही महिनाच लागतो.

राजा हरिश्चंद्रची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे साठ हजारांच्या आसपास. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. फुटाला एका कडेला ६४ भोकं, दोन कडा धरल्या तर एकट्या त्या एका प्रतीत पावणेपाच लाखांच्या घरात भोकं होतात. हे काम अंधारात करावं लागतं, आणि ते सरस्वतीबाईंनी केलं. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्मला भोकं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं. श्रेयनामावलीत बसणार नाही एवढं काम त्या बाईंनी केलंय. माझ्या मते भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ कोण, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

एजंटला द्यायचं काम हे असं, भोकं पाडण्याचं. रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावातलं उदाहरण देतो. धावीर महाराजांची पालखी, भजनं, भातलावणी, असं बरंच काही माझ्या लॅपटॉपवर पडून आहे आणि फायलींची नावं नुसती आकड्यांची. प्रत्येक फाइल उघडून बघायची, नाव द्यायचं, आवाज सारखा करायचा, वर्णन लिहायचं, चढवायची. पावसात नेट मध्येच गेलं की अपलोड तुटतं. यूट्यूबमध्ये तुटलेलं अपलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेण्याची सोय आहे आणि एजंट ती न कंटाळता वापरतो.

आता जोडणी. गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये नवं प्रोजेक्ट काढा आणि त्यात यूट्यूब डेटा एपीआय चालू करा. एपीआय म्हणजे कार्यक्रमांसाठी ठेवलेलं मागचं दार. मग डेस्कटॉप ॲप या प्रकारची ओळख बनवा, तिची एक फाइल उतरते. एजंटला ती फाइल कुठे आहे ते सांगा आणि अपलोडची छोटी स्क्रिप्ट लिहायला सांगा. पहिल्यांदा चालवली की ब्राउझर उघडतो आणि गूगल विचारतं, या ॲपला परवानगी देऊ का? हो म्हटलं की टोकन मिळतं. तासाभरात संपणारं एक, आणि ते पुन्हा पुन्हा नवं करून देणारं दुसरं. हे दुसरं म्हणजे खरी किल्ली. प्रोजेक्ट चाचणी अवस्थेत असेल तर ही किल्ली सात दिवसांत बाद होते, तेव्हा आठवड्याने बंद पडलं म्हणून घाबरू नका. सर्व्हिस अकाउंटने जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका, यूट्यूब अपलोडला ते चालत नाही.

ब्राउझरमध्ये हो म्हणताना सगळे घाई करतात. तिथे परवानगीची व्याप्ती ठरते, तिला स्कोप म्हणतात. फक्त अपलोडचा स्कोप दिलात तर एजंट व्हिडिओ चढवू शकतो, पण जुना व्हिडिओ उडवू शकत नाही. पूर्ण व्यवस्थापनाचा दिलात तर तो उडवूही शकतो, आणि उडवलेला व्हिडिओ परत येत नाही. आता परत फाळक्यांकडे येऊ, कारण हा स्कोपचा घोळ त्यांच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी झाला.

३ मे १९१३ रोजी राजा हरिश्चंद्र गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण बाई मिळालीच नाही. खेळ चालला. फाळके नाशिकला गेले, मोहिनी भस्मासुर केला, सत्यवान सावित्री केला, १९१४ मध्ये तीनही चित्रपट घेऊन पुन्हा लंडन गाठलं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि पैशाचे झरे आटले. १९१७ च्या लंकादहनने पुन्हा पैसा आणला, एवढा की नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं लोक अजून सांगतात. गोष्ट कितपत वाढवलेली असेल ते असो, पण आता भांडवलदार दारात उभे राहिले.

१ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. भांडवल भागीदारांचं, कला फाळक्यांची. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे त्यांचे दोन गाजलेले चित्रपट इथलेच, कालियामर्दनमधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. पण जे काम आतापर्यंत एका डोक्यात आणि एका घरात होतं, त्याच्या सगळ्या किल्ल्या आता कंपनीकडे गेल्या. किती खर्च, किती दिवस, काय दाखवायचं, यात भागीदारांचं बोट. भागीदारांनाच खलनायक ठरवणं मला पटत नाही. पैसा त्यांचा होता, हिशोब मागणारच. पण छापखान्यात जे झालं तेच नाशिकला झालं. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. १९२२ च्या सुमारास परत आले तेही त्याच कंपनीत, आता मालकासारखे नव्हे.

म्हणून व्यवस्थापनाचा स्कोप मी एजंटला देत नाही. पंचाईत अशी, की नुसत्या अपलोड स्कोपने चढलेल्या व्हिडिओचं शीर्षकही बदलता येत नाही. ते मी यूट्यूब स्टुडिओत हाताने बदलतो. प्रत्येक व्हिडिओ आधी खासगी म्हणून चढतो, बघून सार्वजनिक मी करतो. तसंही तुमच्या प्रोजेक्टचं गूगलकडून परीक्षण झालेलं नसेल तर त्यातून चढलेले व्हिडिओ खासगीच अडकून राहतात. बरेच जण याला बिघाड समजून रात्र घालवतात. किल्लीची फाइल व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, गिटहबवर तर अजिबात चढवू नका. संशय आला तर गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन त्या ॲपची परवानगी काढून घ्या. आणि मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. यूट्यूबवर राहते ती दाबून लहान केलेली प्रत.

मूळ प्रतीचं मला जास्त वाटतं. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेटायची, आणि न पेटली तर सडायची. राजा हरिश्चंद्रच्या प्रती गावोगाव फिरून झिजल्या, आणि १९१७ मध्ये फाळक्यांना तोच चित्रपट पुन्हा करावा लागला. शंभरच्या आसपास चित्रपट केलेल्या माणसाचे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. सेतुबंधन मूक म्हणून केला आणि नंतर त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७ चा कोल्हापूरचा गंगावतरण हा त्यांनी केलेला एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला गेले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यानंतर वीस वर्षांनी, १९६४ मध्ये सुरू झालं. तिथे राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आहे, आणि तीही १९१३ ची की १९१७ ची यावर अभ्यासकांत वाद आहे. यूट्यूबवर हरिश्चंद्र म्हणून जे दिसतं, ते तेवढंच.